‘उर्गा’ : माळावरच्या घरी उतरलेला पाहुणा

आमच्या आजोबांचा मेंढरांचा वाडा होता. त्यामुळे पडद्यावर मेंढरं आली की माझी नजर आधी राखणाऱ्याच्या हातांकडे जाते. रशियन दिग्दर्शक निकिता मिखाल्कोवच्या १९९१ सालच्या ‘उर्गा’ या सिनेमातले हात खरे आहेत.

गोष्ट चीनमधल्या अंतर्गत मंगोलियातली. गोम्बो, त्याची बायको पाग्मा, मुलं आणि आजी गवताळ माळावर राहतात. सर्गेई नावाच्या रशियन ड्रायव्हरला चालवता चालवता डुलकी लागते, ट्रक नदीकाठी अडकतो आणि गोम्बो त्याला घरी आणतो. पाहुणा आला म्हणजे मेंढरू कापायचं. गोम्बो त्याला उताणं धरतो, छातीखाली छोटीशी चीर देतो आणि आत हात घालून शीर तोडतो. रक्त जमिनीवर सांडत नाही. सगळं शांतपणे, घाई न करता दाखवलंय. सर्गेईला ते बघवत नाही, आणि रात्री तोच मन लावून जेवतो, पितो. दोस्तीबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही, पण ती इथेच जमते.

पुढे गोम्बो शहरात जातो. तीन मुलं झालेली, चौथं कायद्यात बसत नाही, म्हणून पाग्माने निरोध आणि टीव्ही आणायला सांगितलेलं असतं. टीव्ही येतो, निरोध मागायची लाज आड येते. शहरातल्या क्लबमध्ये सर्गेई शर्ट काढतो. त्याच्या पाठीवर एका जुन्या रशियन वॉल्ट्झच्या सुरावटी गोंदलेल्या आहेत. बँडवाले त्या पाठीवरून वाचून वाजवतात आणि तो गातो. व्लादिमीर गोस्त्युखिनने घरापासून तुटलेला हा माणूस असा उभा केलाय की माझा घसा दाटून आला.

गोम्बोला पडणारं चंगीझ खानाचं स्वप्न मात्र मला लांबलेलं वाटलं. तेवढा वेळ पाग्माला द्यायला हवा होता.

उर्गा म्हणजे जनावरं धरायची फासाची लांब काठी. ती माळावर रोवलेली दिसली की तिथे जोडपं आहे असं समजायचं, तिकडे फिरकायचं नाही.

मोबाईलवर बघू नका, वाऱ्याने हलणारं ते गवत त्यात मावत नाही. मी वडिलांना टीव्हीवर दाखवला. मेंढराच्या प्रसंगाला ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, “गड्याचा हात बसलेला हाय.”