झूम एच-वन-एन: शूटिंगच्या आठवणी टिपायला किती कामाचा?

सातारा जिल्ह्यातल्या वाई-मेणवलीत सिनेमाच्या शूटिंगच्या गर्दीत उभी राहिलेली, युनिटला वाडा किंवा बैलगाडी दिलेली माणसं आजही घरोघर भेटतात. ‘मृत्युदंड’, ‘गंगाजल’, ‘स्वदेस’, ‘दबंग’ अशी यादी लांबलचक आहे. या आठवणी नीट टिपायच्या तर फोनवर भागत नाही. ऐन रंगात आलेल्या गोष्टीत कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. झूमचा एच-वन-एन हा खिशात मावणारा रेकॉर्डर या कामाला पुरेसा आहे, फक्त त्याच्या खोडी माहीत हव्यात.

पहिली खोड म्हणजे हाताचा आवाज. अंग प्लास्टिकचं आणि हलकं, त्यामुळे बोट सरकलं तरी खरखर उमटते. हातात धरूच नका. मागे ट्रायपॉडचा आटा आहे. छोटा ट्रायपॉड नसेल तर चार पदरी टॉवेलवर ठेवा, बोलणाऱ्यापासून दीड-दोन वितींवर. त्याच टेबलावर चहाचा कप आला की प्रत्येक ‘टक्’ बोलण्यापेक्षा मोठा ऐकू येतो. बशी दुसरीकडे ठेवायला सांगण्यात संकोच नको.

दुसरी गोष्ट ऑटो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी यंत्राने आपोआप कमी-जास्त करणं. नवख्याला ही सोय वाटते, पण आजी आठवायला थांबल्या की यंत्र आवाज वाढवतं आणि त्या शांततेत पंखा घरघरू लागतो. ती बंद ठेवा. समोरची चकती फिरवून, ‘सकाळी काय खाल्लं?’ विचारून बघा. पडद्यावरच्या पट्टीत सगळ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला की झालं. लो कट (खालचे जाड आवाज गाळणारी सोय) 80 हर्ट्झवर ठेवला की पंख्याची खालची घुमी कमी होते. मेणवलीच्या घाटावर मात्र वाऱ्यासाठी माइकवर फोमची टोपी हवीच. ती सोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते.

48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह फाइल तासाला साधारण एक जीबी खाते; 32 जीबीचं कार्ड (याहून मोठं चालत नाही) तीसेक तास पुरतं. दोन ट्रिपल ए सेल लागतात. रिचार्जेबल घातले तर मेनूत तसं सांगा, नाहीतर बॅटरीचा आकडा फसवतो. कॉलर माइक जोडला की अंगचे माइक बंद पडतात आणि प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज लांबून आल्यासारखा येतो. दोघांच्या गप्पांना अंगचेच माइक बरे.

यंत्र कितीही चांगलं असो, वर्ष चुकलं तर टिपण वाया. ‘शाहरुखचं शूटिंग’ म्हणजे 2004 चा ‘स्वदेस’ की 2013 चा ‘चेन्नई एक्सप्रेस’? दोन्हींचं काम या भागात झालं, त्यामुळे लोक सर्रास सरमिसळ करतात. वर्ष थेट विचारू नका. ‘पाट्या हिंदीत होत्या की तमिळमध्ये?’ किंवा ‘तेव्हा थोरला कितवीत होता?’ असं विचारलं की उत्तर आपोआप जागेवर येतं. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि ‘हे जपून ठेवलं तर चालेल ना?’ याचं उत्तर त्याच फाइलमध्ये घ्या. कागदावरची सही नंतर सापडत नाही.

पारावर सात-आठ जण एकदम बोलणार असतील तर मात्र 2024 मध्ये आलेला एच-वन-एसेन्शियल घ्या. तो 32 बिट फ्लोटमध्ये, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही सामावणाऱ्या पद्धतीत रेकॉर्ड करतो, चकती फिरवण्याची भानगडच नाही. कुणी कुजबुजलं आणि शेजारचा खो-खो हसला तरी आवाज फाटत नाही. घरातल्या एकेकट्या मुलाखतींसाठी एच-वन-एन स्वस्तात सेकंडहँड मिळाला तर बिनधास्त उचला, पण आधी चकती फिरवताना खरखर येते का आणि हेडफोनच्या दोन्ही कानांत आवाज येतो का, हे तिथेच तपासा.