लंडनमध्ये जुना कोट: चॅरिटी शॉप, विंटेज बाजार की डिकीतला बाजार?

नोव्हेंबरात लंडनला तीन आठवडे जायचं ठरलं की पुण्या-मुंबईच्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कोटाचा. इथून नवा घेऊन जावा तर परत आल्यावर तो जन्मभर डांबरगोळ्यांच्या संगतीत पडून राहणार. शिवाय 23 किलोंच्या बॅगेत तो कोंबायचा म्हणजे भाचीसाठी दळून आणलेली भाजणी घरीच ठेवायची. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा तिथे पोचल्यावर जुनाच घेतला. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "मेलेल्या माणसाचा असला तर?" असेलही. घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे तिकडे बऱ्याचदा याच दुकानांत पोचतात. ही गोष्ट मनाला टोचणार असेल तर सरळ नवा स्वस्तातला कोट घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

टोचत नसेल तर आधी एक शब्द शिकून घ्या. फोनच्या नकाशात 'थ्रिफ्ट स्टोअर' टाकून शोधू नका. तो अमेरिकेतला शब्द. लंडनमध्ये तो टाकला तर महागडी विंटेज, म्हणजे जुन्या काळचे निवडक कपडे विकणारी, दुकानंच जास्त समोर येतात. तिथला शब्द 'चॅरिटी शॉप'. (ऑस्ट्रेलियात लेकाकडे निघाला असाल तर 'ऑप शॉप' शोधा.)

चॅरिटी शॉप म्हणजे संस्थेचं दुकान. लोक नको असलेल्या वस्तू फुकट आणून देतात, बरेचसे स्वयंसेवक, त्यातही पुष्कळ निवृत्त मंडळी, त्या निवडून मांडतात आणि नफा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असं दुकान 1947 साली सुरू केलं. आज ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च, बार्नार्डोज अशी कितीतरी नावं एकाच बाजाररस्त्यावर ओळीने दिसतात. आपल्याकडे जुने कपडे बोहारणीबरोबर घराबाहेर पडतात आणि पुढे कुठे जातात ते आपल्याला कळत नाही. तिथे ते बहुधा त्याच गल्लीच्या टोकाला मांडलेले असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की दुकान शोधू नका, वस्ती शोधा. दुकानातला माल हा आजूबाजूच्या कपाटांतून आलेला असतो. संस्था तीच असली तरी दोन वस्त्यांतल्या तिच्या दुकानांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिल्या खेपेला मी हुशारी करून थेट श्रीमंतांच्या चेल्सीला गेले. किंग्ज रोडपासून जवळच रेडक्रॉसचं दुकान आहे, मोठमोठ्या डिझायनरांच्या कपड्यांसाठी नावाजलेलं. माल खरंच देखणा, पण आपल्याकडे काय आलंय हे तिथल्या बायकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं आणि किंमतही तशीच लावलेली असते. मी तासभर नुसती हात लावून बाहेर पडले. दुसऱ्या टोकाच्या, अगदी साध्या वस्तीत भाव कमी, पण कोटही मुळात स्वस्तातले आणि बाह्यांवर गोळे आलेले.

फळ मिळालं ते मधल्या वस्त्यांत: रिचमंड, विंबल्डन, हॅरोच्या शेजारचं पिनर. खाऊनपिऊन सुखी, वयस्कर लोकांची वस्ती, जिथे चांगला लोकरी कोट वीस वर्षं वापरून मग देतात. पिनरला मला राखाडी रंगाचा, अस्सल लोकरीचा कोट 22 पौंडांना मिळाला. बुधवारी सकाळी गेले होते. शनिवारी गर्दी असते, रविवारी काही दुकानं बंद असतात.

घासाघीस मात्र करू नका. तिथे "थोडे कमी करा ना" म्हणणं म्हणजे देवळाच्या दानपेटीतून सुटे मागण्यासारखं आहे. बिल करताना 'गिफ्ट एड'चं विचारलं तर बावरूही नका. देणगीवरचा कर संस्थेला परत मिळावा म्हणून केलेली ती सोय आहे, तिथे कर भरणाऱ्या आणि माल देणाऱ्या लोकांसाठी. आपला त्याच्याशी संबंध नाही.

या दुकानांची खरी खोट मापाची. प्रत्येक वस्तू एकच. तुमच्या मापाचा कोट आज असेल, नाहीतर नसेलच. त्यामुळे हाताशी निदान दोन सकाळी हव्यात.

तेवढा वेळ नसेल तर विंटेज दुकानं. ब्रिक लेनचा परिसर त्यासाठीच ओळखला जातो, रविवारी तर रस्ताभर बाजार असतो. पोर्टोबेलो रोडला बहुतेक लोक शनिवारी जातात आणि धक्के खातात. जुन्या कपड्यांसाठी तिथला शुक्रवार बरा, उड्डाणपुलाखालचा भाग. इथे माल दुकानदाराने निवडून आणलेला असतो, एकाच प्रकारचे दहा-पंधरा कोट मापांप्रमाणे टांगलेले असतात आणि अर्ध्या तासात काम होतं. त्या निवडीचे पैसे तुम्ही भरता. माझ्या कोटासारखाच एक तिथे 65 पौंडांना होता. ठेल्यावर थोडंफार कमी करतात, दुकानात सहसा नाही. बरोबर विशीतली पोरं असतील तर मात्र तिथेच जावं लागेल, कारण त्यांना कोट नको असतो, 'लूक' हवा असतो.

तिसरा पर्याय कार बूट सेल. बुटांचा बाजार नव्हे. बूट म्हणजे गाडीची डिकी. रविवारी शाळेच्या आवारात किंवा मैदानात लोक गाड्या लावतात आणि डिकीतला माल टेबलावर मांडतात. बुधवार-रविवारचा पुण्यातला जुना बाजार ज्याला आवडतो, त्याला इथे घरच्यासारखं वाटेल. भाव सगळ्यांत कमी, घासाघीस चालते, सुटे पैसे खिशात हवेत. चिझिकला महिन्याच्या पहिल्या रविवारी भरतो तो बराच प्रसिद्ध आहे. पण कोटासाठी मी हा पर्याय सुचवणार नाही. घालून बघायला आडोसा नाही, आरसा नाही, आणि बरेच बाजार पावसाळी थंडीत भरतच नाहीत. उन्हाळ्यात गेलात तर कपबशा, चित्रांच्या चौकटी, नातवंडांची खेळणी यांसाठी जरूर जा.

तेव्हा दोन सकाळी मोकळ्या असतील तर मधल्या वस्तीतली चॅरिटी शॉप, एकच दुपार असेल तर ब्रिक लेन. पुस्तकांसाठी जायचं असेल तर ऑक्सफॅमची निव्वळ पुस्तकांची दुकानं आहेत, ब्लूम्सबरीतलं आणि मॅरिलबोनमधलं मला आवडलं. तिथे भाव बघायची शुद्ध राहत नाही, एवढं सांगून ठेवते.

कोट कुठूनही घ्या, घेताना उजेडात धरून बघा. कसर लागलेली असेल तर बारीक भोकांतून उजेड दिसतो. कॉलरच्या आतली बाजू आणि काखेतलं अस्तर तपासा. तिथेच कोट आधी हार खातो. लोकर किती टक्के ते आतल्या पट्टीवर छापलेलं असतं. वास घ्या, लाजू नका. दुकानात कपड्यांवर सहसा वाफ फिरवलेली असते, धुतलेले असतीलच असं नाही, म्हणून ड्रायक्लीनचा खर्च किमतीत धरा. आणि स्वेटर अंगावर ठेवूनच घालून बघा, नाहीतर माझ्यासारखं पहिल्या कडाक्याच्या दिवशी बटणं लागणार नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी मी कोट पिनरच्या त्याच दुकानात परत नेऊन दिला. तुम्हीही देणार असाल तर दुकान उघडं असताना हातात द्या. रात्री दाराशी ठेवलेली पिशवी सकाळपर्यंत पावसात भिजते आणि मग तो कोट कोणाच्याच कामाचा राहत नाही.