कॅरिबसी लाइफ रॉक : ३ फुटी टँकसाठी घ्यावा का, आणि घेतलाच तर रचावा कसा

आधी निकाल सांगतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात रचायचा कॅरिबसी कंपनीचा हा दगड चांगला आहे, महाग आहे, आणि ४० पौंडांची पेटी जशी येते तशी टँकमध्ये उतरवली तर वीटभट्टीबाहेरच्या ढिगासारखी दिसते. पाचपैकी साडेतीन. त्यातला एक गुण 'शेल्फ' प्रकाराला, म्हणजे चपट्या तुकड्यांना.

लाइफ रॉक समुद्रातून काढलेला नाही. तो अ‍ॅरागोनाइट या चुनखडीच्या जातीच्या खनिजापासून बनवलेला कोरडा दगड आहे, वर जांभळट-तपकिरी थर आणि त्यात सुप्तावस्थेतले बॅक्टेरिया. आपल्याकडे हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. किनाऱ्यावरून उचललेले प्रवाळाचे तुकडे 'लाइव्ह रॉक' (जिवंत बॅक्टेरियांसकट समुद्रातला दगड) म्हणून कोणी स्वस्तात देऊ केले तर हात लावू नका. प्रवाळ मेलेलं असलं तरी कायदा तोच.

नाशिककरांच्या डोक्यात दुसरा स्वस्त पर्याय हमखास येतो : गोदावरीतला काळा दगड. तो बेसाल्ट. जड, ठोस, आतून जवळजवळ बंद. रीफमध्ये, म्हणजे प्रवाळ वाढवायच्या टँकमध्ये, दगडाचं मुख्य काम आतल्या छिद्रांत बॅक्टेरियांना जागा देणं, ते इथे होत नाही. व्हिनेगर टाकून फेस आला की दगड चालतो, या सल्ल्यावरही विसंबू नका. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट असतं (सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्याचे देखणे नमुने आहेत), त्यावरही फेस येतो. म्हणून काळा दगड रीफचा होत नाही.

आता खरेदी. नाशिकमध्ये दुकानं मुख्यतः गोड्या पाण्याची, त्यामुळे हा माल बहुधा मुंबईहून मागवावा लागतो. दगड किलोवर विकला जातो, पण टँकला शोभा येते ती मोकळ्या जागेने. ३६ × १८ × १८ इंचाच्या टँकमध्ये काचेच्या मापाने सुमारे १९० लिटर पाणी मावतं. जुन्या हिशोबाने लिटरमागे १२० ते १८० ग्रॅम, म्हणजे २३ ते ३४ किलो दगड भरायचे. मोकळ्या रचनेला १३-१५ किलो पुष्कळ झाले. म्हणजे ४० पौंडांच्या, साधारण १८ किलोंच्या एका पेटीत काम होऊन तुकडे उरतात. पैसे भरण्याआधी दुकानदाराकडून सगळे तुकडे जमिनीवर पसरून, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. निम्मे शेल्फ, दोन-तीन बोजड तुकडे पायासाठी, बाकी मुठीएवढे. 'आर्च', म्हणजे कमानीचा तुकडा, अख्खा ठेवला की शोभेच्या वस्तूंच्या दुकानातला वाटतो. तो दोन तुकडे करून वापरा.

मापं आधी कागदावर घ्या. टँकची खोली, म्हणजे पुढून मागे, ४५ सेंमी. पुढच्या काचेपासून १० सेंमी सोडा, नाहीतर चुंबकाचा क्लीनर फिरत नाही. मागून ७ सोडा, म्हणजे दगडामागे घाण साचत नाही. उरले २८. लांबीत दोन्ही बाजूंना १०-१० सोडले की ७१ उरतात. त्यात मोठं बेट (दगडांचा एक गट) ३८, मधली फट १४, लहान बेट १९. फट बरोबर मध्यावर आली की टँक दोन कप्प्यांचा दिसतो, ती बाजूला सरकलेलीच हवी. उंची २८-३० च्या वर नेऊ नका. प्रवाळ वाढल्यावर वरचे १५ सेंमी बघता बघता भरतात.

तोडणं आणि जोडणं यातच सगळं कसब आहे. शेल्फचा तुकडा ओल्या वाळूच्या घमेल्यात बसवा आणि छिन्नी एकाच ठिकाणी न मारता रेषेवर हलक्या टोल्यांनी पुढे सरकवा, मग उलटवून तसंच. एका दणक्यात तोडायला गेलात तर चुरा होतो. तुटलेल्या बाजूला आतला फिकट रंग दिसतो, कारण जांभळा रंग वरवरचाच आहे. ती बाजू खाली किंवा मागे घ्या. खरं जांभळं कोरलाइन शेवाळ काही महिन्यांत सगळ्यावर चढतं, तेव्हा कारखान्याच्या रंगाची एवढी चिंता नको.

जोडताना दोन दगड किमान तीन ठिकाणी टेकले पाहिजेत. टेकलेल्या जागी जाड सायनोअ‍ॅक्रिलेट जेल (घट्ट सुपरग्लूच), फटीत कोरडी बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू, त्यावर पातळ सुपरग्लूचे थेंब. काही सेकंदांत सांधा कडक होतो, चांगलाच तापतो आणि डोळ्यांत झोंबणारी वाफ येते. खिडकी उघडी हवी, बोटं लांब. जिथे शेल्फ १२-१५ सेंमी बाहेर लोंबणार तिथे नुसत्या गोंदावर भरवसा नको. ८ मिमीच्या बिटाने भोक पाडून फायबरग्लासची कांडी घाला. सांधे सिमेंटने लिंपले असतील तर रचना आठवडा-दोन आठवडे पाण्यात ठेवा आणि पीएच ८.३ च्या आसपास स्थिरावेपर्यंत पाणी बदलत राहा.

टँकमध्ये दगड आधी, वाळू नंतर. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली गोबी मासा किंवा पिस्टल कोळंबी बीळ करते आणि एका रात्रीत बेट तळकाचेवर कलंडतं. भरलेल्या टँकमध्ये सुपरग्लूने प्रवाळाचा तुकडा चिकटतो, दगड नाही. दगडासाठी एपॉक्सी पुट्टी लागते, आणि ती लावल्यावर दिवसभर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेस ओततो. त्याचा कप उंच करून ठेवा.

बॅक्टेरियांच्या थराबद्दल फार आशा नको. तो सुरुवातीला हातभार लावतो, पण सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये पुरेसे वाढण्याचा काळ, टळत नाही. आरओ पाण्यात विशिष्ट गुरुत्व १.०२५ होईल इतकं मीठ, २ पीपीएम अमोनिया घाला, आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा. चार ते सहा आठवडे धरून चाला. तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळाचा थर), मग हिरवं शेवाळ, हे कोरड्या दगडावर येणारच. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी दगड धुवायलाही नको. क्लोरीनने वरचे बॅक्टेरिया मरतात, म्हणजे ज्याचे जास्त पैसे मोजले तेच गेलं.

मोकळी रचना आपल्या गावी आणखी एका कारणाने परवडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, आणि त्यात वीज गेली की दाट ढिगाऱ्यात पाणी हलतच नाही. दोन सुट्या बेटांमधून बॅटरीवरचा छोटा वेव्हमेकरसुद्धा पाणी फिरवतो. थंडीत लागणारा हीटर मात्र दगडाला टेकवू नका. मागच्या ७ सेंमीच्या पट्टीत, प्रवाहासमोर लावा.

बजेट तंग असेल तर पायाला साधा पांढरा कोरडा दगड घ्या आणि लाइफ रॉकचे फक्त शेल्फ वरून दिसतील तिथे वापरा. पांढऱ्या दगडातून शेवाळाला पोसणारं फॉस्फेट सुटू शकतं, म्हणून तो झाकणाच्या ड्रममध्ये, अंधारात, पंप लावून खाऱ्या पाण्यात ठेवा आणि फॉस्फेटची चाचणी घेत राहा. आकडा चढायचा थांबला की मगच तो टँकमध्ये जाऊ द्या.