फिफ्थ व्हील घ्यावं की मोटरहोम? टेक्सासमधून, वर्षभराच्या वापरानंतर

कोणती आरव्ही (आत राहता येईल असं वाहन किंवा ट्रेलर) घ्यावी, असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: एका जागी मुक्काम किती दिवसांचा असणार? दोन-तीन दिवसांनी जागा बदलणार असाल तर फिफ्थ व्हीलच्या वाटेला जाऊ नका. पण आठवडेच्या आठवडे एका ठिकाणी राहायचं असेल, दोघांचं काम लॅपटॉपवर असेल आणि भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील, तर याच्याइतकं सुखाचं दुसरं वाहन मला तरी माहीत नाही. आमचं नेमकं असंच होतं, म्हणून आम्ही ते घेतलं. वर्षभर वापरलं, आणि आजही घेतलं असतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकवतात. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग उंच असतो आणि तो पिकअप ट्रकच्या हौद्यावर येतो. त्याच्या पोटाखालची जाड पोलादी पिन हौद्यात बसवलेल्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या यंत्राच्या, जबड्यात अडकते. मोटरहोमला स्वतःचं इंजिन असतं: बससारखी ती क्लास ए, व्हॅनमध्ये बसवलेली ती क्लास बी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली ती क्लास सी. फिफ्थ व्हील घेण्याआधी आम्ही क्लास सी भाड्यानं घेऊन फिरलो होतो, ट्रॅव्हल ट्रेलर मित्रांचा वापरला होता. क्लास ए आणि क्लास बी फक्त ओळखीच्या लोकांकडे जवळून पाहिल्यात, हे आधीच सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक डीलरकडे जातात, सोफा बघतात, किचन बघतात, ट्रेलर पसंत करतात, आणि मग तो ओढायला ट्रक शोधतात. हा क्रम उलटा हवा. ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळी पट्टी दिसते. माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांपर्यंत वजन चालेल, ते तिच्यावर छापलेलं असतं. सगळा निर्णय त्या आकड्यावर ठरतो.

हिशोबच मांडते. आमच्या ट्रेलरचं भरल्यावरचं कमाल वजन १४,००० पाउंड, म्हणजे साधारण ६,३५० किलो. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिनेवरून थेट ट्रकच्या हौद्यात उतरतो. झाले २,८०० पाउंड. हिचचे १५० धरा, चार माणसांचे ६००. बेरीज ३,५५०. पाऊण टनी डिझेल ट्रकच्या (अर्धा, पाऊण, एक टनी ही ट्रकच्या ताकदीची चढती वर्गवारी) दारावर कितीतरी वेळा २,३०० च्या आसपासचा आकडा दिसतो. जाहिरातीत तोच ट्रक १८-२० हजार पाउंड ओढतो म्हणतात, आणि ओढेलही. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. म्हणून आम्ही एक टनी, ८ फुटी हौद्याचा ट्रक घेतला. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजनच पुढे येतं, त्यामुळे ७,००० पाउंडांचा ट्रेलर पुष्कळशा अर्ध्या टनी ट्रकांना चालून जातो. ज्यांच्याकडे असा ट्रक आधीच दारात उभा आहे, त्यांनी फिफ्थ व्हीलसाठी तो विकू नये. ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावा, तो मुळीच वाईट नाही. डीलरच्या तोंडी 'अर्ध्या टनी ट्रकला चालेल असं फिफ्थ व्हील' हे वाक्य असतंच, तेव्हा ती पिवळी पट्टी वाचून दाखवा.

आणि घेतल्यावर एकदा, पाण्याच्या टाक्या आणि कपाटं भरून, ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे मोठ्या वजनकाट्यावर, वजन करून घ्या. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचे वेगवेगळे आकडे छापून मिळतात. कागदावरचं रिकामं वजन आणि तांदूळ-पीठ-पुस्तकं भरल्यावरचं वजन यांत खूप फरक असतो.

परवान्याचंही आधी बघा. टेक्सासात ट्रक आणि ट्रेलर यांची मिळून वजनमर्यादा २६,००१ पाउंड किंवा जास्त असेल आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असेल, तर बिगर-व्यावसायिक क्लास ए परवाना लागतो (मोटरहोमच्या क्लास ए शी याचा संबंध नाही). कॅलिफोर्नियात फिफ्थ व्हील १५,००० पाउंडांच्या वर गेलं की तसाच परवाना लागतो, आणि ट्रेलर ओढताना तिथे वेग ताशी ५५ मैलांच्या वर नेता येत नाही.

चालवताना मात्र फिफ्थ व्हीलनं मन जिंकलं. वजन ट्रकच्या मागच्या चाकांच्या किंचित पुढे येतं, शेपटीला लोंबत नाही, म्हणून ट्रेलर डुलत नाही. मित्रांचा ट्रॅव्हल ट्रेलर ओढताना शेजारून मोठा कंटेनर गेला की मागचा भाग हलल्याचं स्टिअरिंगवर कळायचं, डोल आवरणारा खास हिच लावलेला असूनही. पश्चिम टेक्सासच्या वाऱ्यात भाड्याच्या क्लास सी नं तर दिवसभर स्टिअरिंग घट्ट धरायला लावलं होतं, आणि आतल्या ताटल्या-कपाटांचा आवाज एवढा की मागे बसलेल्याशी बोलता येत नव्हतं. फिफ्थ व्हील घेऊन कोलोरॅडोतली वुल्फ क्रीक पास उतरलो. घाट १०,८०० फुटांहून उंच, उतार ७ टक्क्यांच्या आसपास. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरानं वेग आवरणारा) लावला, गिअर खालचा ठेवला, आणि पायातला ब्रेक अधूनमधूनच दाबावा लागला. मागच्या सीटवर सासूबाई आणि बाबा, म्हणजे सासरे, गाढ झोपले होते.

वळताना ट्रेलरची चाकं आतल्या बाजूनं कापत जातात. पेट्रोल पंपाच्या खांबाजवळ ते लक्षात ठेवावं लागतं. उंचीचं तर फारच सांभाळावं लागतं. आमचं छत एसी धरून १३ फूट ३ इंचांवर आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा, उंच ट्रक आदळण्यासाठी प्रसिद्ध असलेला रेल्वेपूल ११ फूट ८ इंचांचा होता, २०१९ मध्ये उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी आम्ही त्याखालून जाऊ शकत नाही. फोनवरचा साधा नकाशा ही उंची बघत नाही. वाहनाची उंची भरता येईल असा जीपीएसच वापरा.

ट्रक आणि ट्रेलर जोडणं मी स्वतः करते, म्हणून सविस्तर लिहिते. ट्रेलरच्या चाकांना उट्या (चाक अडवणाऱ्या पाचरी) लावलेल्या असताना ट्रक मागे घ्यायचा. हिचची पाटी पिनेच्या पेटीपेक्षा किंचित उंच हवी, म्हणजे ट्रेलरची पाटी तिच्यावर चढते आणि पिन जबड्यात नेमकी शिरते. ट्रेलर जास्त उंच राहिला तर पिन जबड्याच्या वरच्या कडेवर टेकते, जोडल्यासारखं वाटतं, आणि ट्रक पुढे घेतला की अख्खा ट्रेलर हौद्याच्या कडांवर आदळतो. म्हणून 'खट' आवाजावर विसंबायचं नाही. टॉर्च घेऊन वाकायचं आणि जबडा पिनेभोवती मिटलाय हे डोळ्यांनी बघायचं. मग सुरक्षा-पिन, विजेचा सात पिनी प्लग, ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल. ट्रेलर टेकवून ठेवणारे पुढचे पाय जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढे उचलायचे, ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायचे आणि ट्रकनं हलकेच ओढून बघायचं. सगळं घट्ट असेल तरच पाय पूर्ण वर आणि उट्या बाहेर. मध्ये कुणी बोलायला आलं की मी सरळ पहिल्यापासून सुरुवात करते.

राहायला हे खरंखुरं घर आहे. बैठकीत उंच छत, भिंती सरकवून खोली रुंद करणाऱ्या तीन स्लाइड, खाली पोटात सामानाचं मोठं कोठार. इथे विजेचा मुद्दा येतो. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३,६०० वॉट. ५० अँपिअरची म्हणजे १२,००० वॉट, कारण तिच्यात १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या तारा येतात. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये दोन एसी, मायक्रोवेव्ह आणि इस्त्री एका वेळी चालवायची असेल तर ५० अँपिअरच हवं. भाड्याची क्लास सी ३० ची होती. एसी चालू ठेवून मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडायचा.

स्वयंपाकाबद्दल आपल्या लोकांना हमखास शंका असते. पोळ्या, भात, आमटी, कुकरच्या शिट्ट्या, सगळं आत होतं. फोडणी देण्याआधी छतावरचा पंखा सुरू करून समोरची खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजलाच म्हणून समजा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो आणि तो जमिनीलगत बसवलेला असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. त्याच्यासमोर पिशव्या ठेवू नका. तळण आम्ही बाहेर, साइटवरच्या (मुक्कामाच्या जागेच्या) टेबलावर करतो. साबुदाणा वडे तळले की शेजारच्या साइटवरून हमखास कुणीतरी चौकशीला येतं. सिंकमध्ये तेल, भाताची शितं आणि चहाचा चोथा जाऊ द्यायचा नाही. सासूबाईंनी सिंकवर बारीक गाळणी ठेवून ही शिस्त पहिल्याच आठवड्यात लावली आणि ग्रे टँकचा, म्हणजे सिंकच्या सांडपाण्याच्या टाकीचा, वास कधी आला नाही.

ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, हा विषय लोक टाळतात. टाळू नये. साइटवर गटाराची जोडणी असली तरी झडप बंदच ठेवायची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ खाली साचून वाळतो. टाकी दोन तृतीयांश भरली की मगच सोडायची, आणि तिच्यामागून ग्रे टँकचं साबणाचं पाणी सोडायचं म्हणजे पाइप धुऊन निघतो. या टाकीला भरपूर पाणी लागतं, आणि आपली पाणी वापरायची सवय तिला मानवते. उलट पाण्याच्या जोडणीशिवाय रानात राहिलात तर ही सवय भारी पडते, टाकी फार लवकर भरते.

आई-बाबा सोबत असतील तर पायऱ्या मोजा. दारापाशी चार, आणि पुढच्या मोठ्या झोपायच्या खोलीत जायला आत आणखी तीन. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे मोठी खोली आम्ही घेतली आणि मागची सपाटीवरची खोली त्यांना दिली. मागे अशी खोली असलेलंच मॉडेल आम्ही शोधलं होतं. पायऱ्यांचा त्रास फार असेल तर ट्रॅव्हल ट्रेलर बरा, तो आतून बहुधा एकाच पातळीवर असतो.

मोटरहोमचं एक सुख आमच्याकडे नाही: पावसात पोचलात तर खाली न उतरता आतल्या आत मागे जाता येतं. जोडणं-सोडणं नाही. रोज नवं गाव असेल तर क्लास सी किंवा बी घ्या, यात मला शंका नाही. पण मुक्कामाच्या जागी भाजी आणायला जायचं तर मोटरहोमवाल्यांना अख्खं घर आवरून न्यावं लागतं, किंवा मागे एक कार ओढत आणावी लागते. आम्ही ट्रक सोडवतो आणि निघतो. इंजिन बिघडलं तर त्यांचं घरच गॅरेजमध्ये जातं. आमचा ट्रक गॅरेजमध्ये होता तेव्हा आम्ही घरात होतो, मीटिंगा चालू होत्या.

राष्ट्रीय उद्यानांत मात्र हे धूड अडतं. बिग बेंडमधल्या चिसोस बेसिनच्या रस्त्यावर २० फुटांपेक्षा लांब ट्रेलर आणू नका असं उद्यानवालेच सांगतात. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रोडवर डोंगरातल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला मनाई आहे, आणि आमचा ट्रक एकटाच २२ फुटांचा. तिथे बस किंवा भाड्याची कार. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर मात्र ट्रेलर व्हिलेज आहे: वीज, पाणी, गटार, तिन्ही जोडण्या, आणि ट्रेलर सरळ आत घेऊन सरळ बाहेर काढता येईल अशा जागा. बाबा रोज सकाळी तिथून काठावर फिरायला जायचे. उंची ७,००० फुटांच्या आसपास आहे, थंडीत रात्री पाणी गोठतं, तेव्हा तापणारा पाण्याचा होज सोबत ठेवा.

पॉप-अप, ट्रकवर बसणारा कॅम्पर, मागे गॅरेज असलेला टॉय हॉलर, यांबद्दल लिहिण्याइतका अनुभव नाही.

तक्रार एक आहे. नवा ट्रेलर असूनही एका स्लाइडच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी आत आलं आणि डीलरनं दुरुस्तीला आठवडे लावले. यातले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात आणि आतली चौकट, प्लायवूड, स्टेपल पाहिलं की भिजलेलं लाकूड लवकर सडणार हे कळतं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी शिडी लावून छतावरचं सीलंट नवरा आणि मी स्वतः तपासतो. वापरलेला ट्रेलर घेणार असाल तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी बघायला जा, स्लाइडच्या कोपऱ्यातली जमीन अंगठ्यानं दाबून बघा, आणि टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. २३१९ लिहिलं असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही कोरी दिसली तरी अशा टायरवर ट्रेलर घरी आणू नका, नव्या संचाची किंमत सौद्यातून वजा करून घ्या.