एस्सिटॅलोप्रॅम (नैराश्यावरची गोळी) : सात महिने घेतल्यानंतर

दसऱ्याच्या आधी तुळशीची कुंडी उकरत होते, तेव्हा मातीत पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण सापडलं. थोरल्याच्या शाळेच्या बाटलीचं. मोडलं होतं, आणि मला कळू नये म्हणून त्यानं ते चक्क पुरलं होतं. पोरगं ८ वर्षांचं. दीडशे रुपयांची बाटली! तिथेच ओट्यापाशी बसून मी रडले आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली.

खरं तर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी ५ महिने आधीच दिली होती. ती पर्समध्ये पडून होती. नवरा म्हणाला, सवय लागेल. सासूबाई म्हणाल्या, डोक्याच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत. आईचा कराडहून फोन, अश्वगंधा घे. आणि सगळ्यांत मोठी अडचण मी स्वतः. मी रोज पहाटे उठून दोन डबे भरत होते, कर सल्लागाराच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरत होते, धाकटीला पाळणाघरातून आणत होते. डिप्रेशन म्हणजे माणूस अंथरुणातून उठत नाही, अशी माझी समजूत. मी तर बसतच नव्हते! माझं सगळं चिडचिडीतून बाहेर पडत होतं. पहाटे ४ ला छातीत धडधडत जाग यायची, आणि महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे रिटर्नांची मुदत, जवळ आली की घरात कुणी चमचा पाडला तरी मी ओरडायचे.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत गोळी लिहिलीच नाही. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं, कारण थकवा आणि उदासी त्यातूनही येते. मग विचारलं, कधी उलट झालंय का, म्हणजे ३-४ दिवस झोप नाही तरी अंगात प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, घरात कुणाला असा त्रास? हा प्रश्न मला विचित्र वाटला होता. नंतर समजलं की बायपोलर (कधी नैराश्य, कधी टोकाचा उत्साह) असेल तर नुसती नैराश्याची गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला नेऊ शकते. ९ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. २७ पैकी माझे १६ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे माझं पेन थांबलं, हे त्यांनी पाहिलं. जूनमध्ये एका रात्री मी १४४१६ लावला होता, ते तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. (सरकारची टेलिमानस सेवा, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. त्या रात्री पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही, एवढंच आठवतं.)

रिपोर्ट ठीक आले. मग एस्सिटॅलोप्रॅम सुरू झाली, ५ मिलिग्रॅम एक आठवडा, मग १०. सकाळी नाश्त्यानंतर. गोळीच्या पत्रकावर २५ च्या आतल्यांसाठी आत्महत्येच्या विचारांबद्दल इशारा असतो. मी ३६ ची, तरी पहिले काही आठवडे लक्ष ठेवा, असं नवऱ्याला समोर बसवून सांगितलं.

पहिले १० दिवस वाईट गेले, उगाच गोड बोलत नाही. मळमळ, पोट बिघडलेलं, जबडा आवळलेला आणि जांभया. क्लायंट समोर बसलाय आणि मी सिंहासारखा जबडा उघडतेय. धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढली. असं होऊ शकतं हे आधी सांगितलं नसतं, तर चौथ्या दिवशी स्ट्रिप कचऱ्यात गेली असती. तिसऱ्या आठवड्यात पोट शांत झालं. बाकी काहीच नाही, मला वाटलं पैसे पाण्यात.

सहाव्या आठवड्यात धाकटीनं वरणाची वाटी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर उपडी केली. मी फडकं आणलं, पुसलं, तिला दुसरं वरण वाढलं. थोरला दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता, आता होईल, मग होईल म्हणून. काही झालं नाही. मला आनंदबिनंद झाला नव्हता हो, फक्त डोक्यातला कुकर शिट्टीपर्यंत गेला नाही.

आता तक्रारी. फेब्रुवारीत नणंदेचं लग्न झालं. पाठवणीला सगळ्या बायका रडत होत्या आणि मी कोरडी उभी, पंगतीतली पानं मोजत. माझी लाडकी नणंद ती! नवरा-बायकोतली इच्छाही बरीच कमी झाली. हे सांगायला मला दोन भेटी लागल्या. डॉक्टरांना त्यात काही नवीन नव्हतं. डोस कमी करून बघणं किंवा गोळी बदलणं, दोन्ही पर्याय आहेत म्हणाले. सध्या थांबलेय. वजन ३ किलो वाढलं, त्यातलं गोळीचं किती आणि वडापावचं किती ते देव जाणे.

आणि एक घोळ माझाच. संक्रांतीला माहेरी गेले आणि स्ट्रिप घरी राहिली. चार दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायला लागलं, वर चक्कर. सासूबाईंचं खरं होतं की काय, असं वाटलं. डॉक्टरांनी समजावलं, हे व्यसन नव्हे. व्यसनात माणूस डोस वाढवत जातो, तलफ येते. इथे शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून गोळी एकदम तोडायची नाही, टप्प्याटप्प्याने उतरवायची. त्यानंतर पर्समध्ये ५ गोळ्या कायम असतात.

बरं, गोळी भांडी घासत नाही. हे समुपदेशनाच्या दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आलं, तिथल्या बाईंनी आठवड्याभराची कामं तासांनुसार कागदावर मांडायला लावली तेव्हा. तो कागद मी फ्रिजवर लावला. नवरा दोन दिवस गप्प होता. मग ११ आणि २० तारखेचा स्वयंपाक त्यानं घेतला, पाळणाघर सासऱ्यांनी. गोळी नसती तर तो कागद मी त्याच्या अंगावर फेकला असता, हेही तितकंच खरं.

मध्ये तो ९ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, ६ आले. बरं वाटायला लागल्यापासून निदान ६ महिने तरी गोळी चालू ठेवायची, नंतर हळूहळू कमी करायची, असं ठरलंय. म्हणजे जुलैपर्यंत तरी आहेच. घ्यावी का, असं ऑफिसातल्या एकीनं विचारलं, तर मी म्हटलं, ते तुझे डॉक्टर ठरवतील. चिठ्ठी पर्समध्ये ठेवून मात्र काही होत नाही, ते मी करून बघितलंय.

उद्या २० तारीख. संध्याकाळी पोर्टल रडणारच. नवऱ्याकडे खिचडी आहे. स्ट्रिपमध्ये चारच गोळ्या उरल्यात, नव्या आणायला थोरला माझ्याबरोबर येणार आहे, कारण मेडिकलच्या शेजारी पेप्सीकोला मिळतो.