वरच्या मजल्याची गळती आणि खालून केलेले 'वॉटरप्रूफिंग'

सांगलीत विश्रामबाग परिसरातील आमच्या फ्लॅटमध्ये, वरच्यांच्या बाथरूमखाली, छताला ओल येऊन गिलाव्याचे पोपडे सुटू लागले, तेव्हा वॉटरप्रूफिंगची कामे घेणाऱ्या एका ठेकेदाराला बोलावले. त्याने ओलावा मोजण्याचे यंत्र लावताच ते सगळीकडे वाजले. (क्षार साचलेल्या गिलाव्यावर किंवा सळईजवळ असे यंत्र कोरड्या जागीही वाजते, हे तो सांगेल कशाला?) वरच्या काकांची फरशी उखडायची गरज नाही, खालूनच छताला भोके पाडून पंपाने रसायन भरले की दहा वर्षे पाहायला नको, असे त्याचे म्हणणे होते. शेजाऱ्यांशी वाद नको असलेल्या माणसाला हे लगेच पटते आणि त्याचा धंदा त्यावरच चालतो.

कामासाठी त्याने मे महिना निवडला. वरचे कुटुंब तेव्हा गावी गेले होते, बाथरूम बंद होते, त्यामुळे छत आपोआप वाळले आणि ते दाखवून त्याने उरलेली सर्व रक्कम नेली. काका-काकू परतल्यावर पाणी पुन्हा आले, तेही दिव्याच्या पॉइंटमधून, कारण खालची वाट बुजली तरी स्लॅबमध्ये मुरलेले पाणी दुसरी वाट काढतेच. (असे झाल्यास आधी त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करावा.) दुसऱ्या कारागिराने भोके उकरली, तर आत रसायन नव्हतेच, नुसते सिमेंटचे पाणी भरलेले होते.

खरा दोष वरच्या नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जाळीखालच्या, सांडपाणी पाइपात नेणाऱ्या भांड्याच्या) सांध्यात निघाला. तो शोधायची रीत साधी आहे: ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये रंगीत पाणी 24 ते 48 तास साठवावे, साठलेले असताना गळले तर फरशी, बोळा काढल्यावर गळले तर ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप, आणि सगळे नळ बंद असूनही ठिबकत राहिले तर पाणीपुरवठ्याचा पाइप तपासावा. ही चाचणी वरचे लोक घरी राहत असताना कामानंतरही व्हावी आणि शेवटचा हप्ता तिच्यानंतरच द्यायचा, हे करारात लिहून घ्यावे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती संस्थेच्या खर्चाने, तर शौचालय किंवा सिंकची गळती संबंधित सदस्याच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. इमारत नवी असेल, तर 2016 च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांत लक्षात आणून दिलेला बांधकामातील दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

ग्राहक आयोगाकडे तक्रारीसाठी 2 वर्षांची मुदत मिळते. परंतु आमच्या ठेकेदाराच्या गॅरंटीच्या कागदावर ना पत्ता आहे, ना जीएसटी क्रमांक, त्यामुळे नोटीस पाठवायची कोठे, इथेच घोडे अडले आहे.