जाळीच्या अस्तराचा हार्नेस : कुत्र्याला अजिंक्यताऱ्यावर नेण्यासाठी घ्यावा का?

फाल्गुन-चैत्रात पोराबाळांसोबत कुत्र्यालाही अजिंक्यताऱ्यावर न्यायचं असेल, तर दोरी गळ्यातल्या पट्ट्याला अडकवू नका. चढावर कुत्रं ओढतं तेव्हा पट्टा श्वासनळीवर दाबतो, आणि उन्हात त्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापा टाकूनच. म्हणून हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज. आतून जाळीचं अस्तर, पाठीवर एक कडी आणि छातीवर एक, असा जो हजाराच्या आतला प्रकार ऑनलाइन बऱ्याच नावांनी मिळतो, त्याबद्दल हे.

छातीवरचे पट्टे वाय अक्षरासारखे असल्याने खांदे मोकळे राहतात. आडव्या पट्ट्याच्या हार्नेसमध्ये पायऱ्या चढताना पाऊल आखडतं. चढताना दोरी पाठीच्या कडीला लावा. उतरताना ओढणारं कुत्रं असेल तर छातीच्या कडीला. जोर केला की ते आपल्याकडे वळतं, पोरांना फरफटवत नाही. तरीही दोरीचा फास पोराच्या मनगटात गुंडाळू देऊ नका. वाटेत वानरं दिसली की पाठीवरची मूठ धरून कुत्रं जवळ घेता येतं. तिला धरून पंचवीस किलोचा लॅब्रेडोर उचलायला गेलात, तर शिवण उसवेल.

वजनाच्या तक्त्यावरून माप ठरवू नका. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर टेपने मोजा आणि घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सरकतात का बघा. कारवान जातीच्या शिकारी कुत्र्याला मात्र हा हार्नेस नकोच. छाती खोल, कंबर बारीक, डोकं निमुळतं. मागे सरकून एक हिसका दिला की कुत्रं बाहेर आणि हार्नेस आपल्या हातात! त्याला बरगड्यांमागून जाणारा तिसरा पट्टा लागतो.

खरी डोकेदुखी अस्तराची. या दिवसांत गडावरचं गवत वाळलेलं असतं आणि कुसळं जाळीत रुततात. कुसळाच्या टोकाला उलटे केस असतात, त्यामुळे ते मागे येत नाही, पुढेच सरकतं : जाळीतून काखेत, काखेतून कातडीत. झटकून निघत नाहीत, चिमट्याने एकेक उपसावी लागतात. वर पोचल्यावर आणि घरी आल्यावर हार्नेस काढून काखा, बोटांच्या बेचक्या, कान चाचपा. गोचीडही तिथेच सापडतात. गुळगुळीत कापडाचं अस्तर लावलं असतं तर हा उपद्व्याप वाचला असता. शिवाय अंगावर पाणी मारलं की ओला पट्टा हळूहळू सैल होतो. उरलेलं टोक बकलातून परत ओवून घ्या.

हार्नेस कितीही चांगला असो, ऊन त्याला जुमानत नाही. उजाडल्यावर निघून नऊच्या आत खाली या. गाडीरस्त्याचं डांबर लवकर तापतं; तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याचे पंजेही भाजणार. त्याच्यासाठी लिटरभर पाणी वेगळं घ्या आणि थोडं थोडं पाजा. गडावरच्या तळ्यांतलं हिरवं पाणी पिऊ देऊ नका. लाळ घट्ट झाली, जीभ गडद लाल दिसली किंवा पाय लटपटले, तर चढ तिथेच थांबवून सावलीत पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता, आणि थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

आखूड केसांच्या, भरल्या अंगाच्या कुत्र्यासाठी पाचपैकी साडेतीन. स्पॅनियलसारख्या झुबकेदार कुत्र्याला मात्र गवत वाळल्यापासून पहिल्या पावसापर्यंत हा हार्नेस घालू नये.